वळतं पण कळत नाही

माणूस ओळखावा तर आमच्या आतोबांनी, हे विधान मी दिल्लीतल्या कुठल्याही मराठी घरात, कुणाच्याही तोंडावर करायला तयार आहे. आणि समोर उभा असलेला माणूस ओळखू नये तोही आमच्या आतोबांनीच, हे मला त्याच दमात कबूल करावं लागेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. एकदा सरोजिनी नगरच्या बाजारात त्यांना एक गृहस्थ भेटले. आतोबांनी त्यांच्याशी दहा मिनिटं अदबशीर हिंदीत गप्पा मारल्या आणि घरी येऊन आत्याला सांगितलं, "आज एक सज्जन भेटले. हसत होते, पण डोळे सांगत होते की घरात यांचं कोणी ऐकत नाही. हातातली पिशवीसुद्धा त्यांनी स्वतः निवडलेली नव्हती." ते सज्जन म्हणजे माझे वडील, आत्याचे सख्खे भाऊ. आतोबा थट्टा करताहेत असं वाटून तेही बिचारे हिंदीतच बोलत राहिले होते. संध्याकाळी खुलासा झाल्यावर आतोबा ओशाळले खरे, पण निदान मागे घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. आई पंधरा दिवस त्यांच्याशी बोलली नाही. वडील मात्र त्या दिवसापासून कायमचे आतोबांच्या पक्षात गेले, कारण पिशवी खरोखरच आईने निवडलेली होती.

ही नजर आतोबांना दिली ती एका फ्रेंच लेखकाने. तो अठराव्या शतकात होऊन गेला, नाटकंही लिहायचा आणि कादंबऱ्याही, आणि आतोबांच्या मते माणसाच्या मनात त्याच्याइतकं आतपर्यंत ना त्याच्याआधी कोणी गेलं, ना नंतर. आतोबा एका मंत्रालयाच्या अनुवाद विभागात होते. तरुणपणी बढतीच्या आशेने त्यांनी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन फ्रेंच शिकून घेतलं. बढती बाजूला राहिली आणि हा लेखक गळ्यात पडला. त्याचं नाव मात्र ते कधी घेत नसत. आत्या जुन्या वळणाची, ती आतोबांचं नाव घेत नसे, आणि आतोबा त्या लेखकाचं. ते त्याला नुसतं "साहेब" म्हणत. यामुळे ऑफिसात एकदा मोठाच घोळ झाला. "साहेब म्हणतात, माणूस 'नाही' म्हणाला की त्याच्या मनात काय आहे ते आधी तपासावं," असं आतोबा चहाच्या वेळी सहज बोलले. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने तो वरून आलेला तोंडी आदेश समजून नामंजूर झालेले अकरा अर्ज पुन्हा विचारार्थ पाठवले. त्यातले चार मंजूर झाले. आतोबा हे साहेबांच्या विचाराचं यश म्हणून सांगत.

साहेबांचं म्हणणं तरी काय होतं, हे मी आतोबांकडून इतक्यांदा ऐकलं आहे की मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. त्यांच्या नाटकांत खलनायक नसतो, खाष्ट बाप नसतो, हरवलेलं पत्र नसतं. दोन माणसं एकमेकांवर प्रेम करत असतात आणि त्यांच्या आड फक्त ती दोघंच उभी असतात. त्यांच्या आवाजाला कळलेलं असतं, हातांना कळलेलं असतं, नोकरांना तर कधीच कळलेलं असतं. कळलेलं नसतं ते त्यांना स्वतःला. कादंबरीत एक बाई हातात मोजा चढवते आणि साहेब त्या एका मोज्यावर चार पानं लिहितात, कारण तो चढवताना ती जरा जास्तच वेळ लावते. ती कादंबरी त्यांनी अर्धवट सोडली होती. "पूर्ण का नाही केली?" असं मी शाळेत असताना विचारलं, तेव्हा आतोबा म्हणाले, "माणूस पूर्ण कळला असता तर पूर्ण केली असती. न कळता पूर्ण करणारे पुष्कळ आहेत."

साहेबांचं एक तीन अंकी नाटक मराठीत आणायचं, ते एकदा तरी रंगमंचावर व्हावं आणि लोकांना कळावं, एवढी एकच इच्छा आतोबांनी आयुष्यभर धरली. नाटकात एक विधवा जमीनदारीण आहे. एक गृहस्थ आपल्या मित्राचं स्थळ घेऊन तिच्याकडे येतो आणि तीन अंक दोघं त्या मित्राच्या गुणदोषांवर कडाकडा भांडतात. शेवटी त्या बाईच्या तोंडी एक वाक्य आहे, आणि त्या वाक्यापाशी आतोबांचं तारू बरीच वर्षं रुतून बसलं होतं. मी याच्याकडे केव्हाच गेले होते, फक्त मला ते ठाऊक नव्हतं, असा काहीसा त्याचा अर्थ. पण आतोबांना अर्थ नको होता, वाक्य हवं होतं. एकदा त्यांनी लिहिलं, "माझ्या अंतःकरणाने माझ्या बुद्धीस न विचारता प्रस्थान ठेवले होते." आत्या बाडाची सुवाच्य प्रत करायची. तिने ते वाचलं आणि विचारलं, "हे बाई बोलतेय की पंचांग?" मग आतोबा शब्दांच्या मागे लागले. कळणं, समजणं, उमगणं, जाणवणं, चाहूल लागणं. आम्हा दिल्लीत वाढलेल्या मुलांचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता, कारण आम्हाला फक्त "पता चाललं" एवढंच यायचं. म्हणून सगळा मारा आत्यावर. ती गॅससमोर उभी असताना एकदा त्यांनी टेबलावरून विचारलं, "अगं, दूध उतू जायच्या जरा आधी तुला जे होतं, ते कळणं की जाणवणं?" आत्या विचार करू लागली. मग म्हणाली, "दूध उतू गेलं."

पुढे देशाचे दरवाजे उघडले आणि परदेशी कंपन्या दिल्लीच्या आसपास शेतांतून काचेच्या इमारती उभारू लागल्या. आतोबा नुकतेच निवृत्त झाले होते, आणि इतकी वर्षं कोणी न विचारलेल्या फ्रेंचला एकाएकी भाव आला. गुडगावच्या एका कंपनीने त्यांना दुभाषा म्हणून बोलावलं. गाडी घ्यायला आली, शेजारीपाजारी गच्चीवर जमले. बैठकीत फ्रेंच अधिकारी म्हणाला की तुमच्या प्रस्तावाने आम्हाला अतिशय आनंद झाला आहे. आतोबांनी अनुवाद केला, "यांना आनंद झाल्याचं हे सांगताहेत, पण 'अतिशय' म्हणण्याआधी हे थांबले आणि त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. यांचा बेत कालच बदललेला आहे." इकडच्या मालकांनी उत्तरादाखल मैत्रीची ग्वाही दिली, तेव्हा आतोबांनी फ्रेंचांना सांगितलं की यांनाही तुमची भीती वाटते आहे. दोन्ही बाजूंचे चेहरे पडले. गाडी आतोबांना दुपारीच परत सोडून गेली. तो सौदा आठवडाभरात, त्यांनी सांगितलेल्याच कारणांनी फिसकटला, आणि तरीही त्यांना पुन्हा कोणी बोलावलं नाही. लोक त्यांना वेडा म्हणाले. माझं म्हणणं आहे की त्या खोलीत शहाणा माणूस तेवढा एकच होता, आणि हे मी लोकांना तेव्हाही सांगत होते.

निवृत्तीबरोबर सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सुटलं आणि आत्या-आतोबा गाझियाबादच्या एका नव्या सोसायटीत राहायला गेले. लिफ्ट नावापुरती होती, पाणी वेळेवर नव्हतं, वीज लहर लागेल तशी यायची. पण बैठकीच्या खोलीला ही भलीमोठी खिडकी होती आणि तिच्यातून दूरवर सरसोंची, म्हणजे मोहरीची, पिवळी शेतं दिसत. सामान लावताना माझ्या वडिलांनी आतोबांचं लिहायचं टेबल खिडकीशी ठेवलं. आतोबांनी तासाभरात ते ओढत नेऊन स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून ठेवलं. क्वार्टरमध्येही ते तसंच असायचं. तिथे भरदिवसा दिवा लावावा लागे, फोडणीचा ठसका लागे, मिक्सर कानाशी चाले. "इथेच का?" असं कोणी विचारलं की आतोबा म्हणत, "इथे वारा चांगला येतो." सगळ्यांचं अंतःकरण वाचणाऱ्या माणसाचा वाऱ्याचा अंदाज इतका कच्चा कसा, याचं मला तेव्हा नवल वाटायचं.

सोसायटीत मराठी घरं सात. ती मिळून पार्कात शामियाना घालून गणपती बसवायची आणि पंजाबी, बिहारी, बंगाली शेजारी आरतीला हौसेने येऊन टाळ्या वाजवायचे. एके वर्षी आतोबांनी नाटकाचा प्रस्ताव मांडला. उत्सवाचे चिटणीस मूळचे नागपूरचे, हिशेबी आणि स्पष्टवक्ते गृहस्थ होते. त्यांनी गोष्ट ऐकून घेतली आणि विचारलं, "म्हणजे दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे. हे त्यांना कळतं कधी?"

"तिसऱ्या अंकाच्या शेवटी."

"मग पहिल्यातच सांगून टाकू ना यार. साडेआठला प्रसाद आहे. वाटलं तर शेवटी एक लावणी ठेवू."

"आरतीचं शेवटचं कडवं आधी म्हणता का तुम्ही?" आतोबांचा आवाज चढला. "एक ओळ कापणार नाही."

चिटणीस म्हणाले, ठीक आहे, पण लोक मधूनच उठून गेले तर पुढच्या वर्षीपासून अंताक्षरी. आतोबा तिरीमिरीत म्हणाले, "लोक उठले तर गणपतीबरोबर मी हे बाडही विसर्जन करीन." पोहे आणून ठेवणारी आत्या दारातच थांबली. त्या बाडाची तिने तीनदा स्वच्छ प्रत केली होती. मला तेव्हा आतोबांचा फार राग आला. बाड दोघांचं होतं आणि पैज एकट्याने लावली होती.

तालमी त्यांच्या बैठकीच्या खोलीत सुरू झाल्या. जमीनदारीण मी. गृहस्थाच्या भूमिकेत फरीदाबादच्या एका कारखान्यातला इंजिनिअर, चिटणिसांचा भाचा. कपडे सरोजिनी नगरच्या बाजारातून आले, परदेशी पाठवून परत आलेले झालरीझालरीचे झगे. माझ्या पाठीवर मापाची चिठ्ठी शेवटपर्यंत लोंबत होती. आत्या प्रॉम्प्टर. आतोबांचा सारा त्रागा माझ्यावर होता, कारण मी दर वाक्याआधी इंजिनिअरकडे तोंड फिरवायची. "बाईला अजून ठाऊक नाही. तू आधीच का वळतेस?" चौथ्या दिवशी दहाव्यांदा ओरडा खाल्ल्यावर मी रडकुंडीला येऊन म्हणाले, "काय करू आतोबा? तुम्ही लोक म्हणता ना, ते तसं होतंय माझं. वळतं पण कळत नाही."

सगळी मोठी माणसं हसली. चिटणिसांची बायको डोळे पुसत म्हणाली, "उलटं गं बाई. कळतं पण वळत नाही." दिल्लीच्या पोरांच्या मराठीवर मग व्हायची ती चर्चा झाली. आतोबा मात्र हसले नव्हते. ते उठून उभे राहिले होते. आपल्याकडे शहाणपणाची म्हण आहे ती अशी की माणसाला कळतं, पण त्याच्या हातून होत नाही. साहेबांनी उभ्या आयुष्यात लिहिलं ते याच्या बरोबर उलट, आणि ते चार शब्दांत म्हणायला मराठी न येणारी पोरगी लागली. "आत्या, लिही," असं ते चक्क स्वतःच्या बायकोला म्हणाले. आत्याने लिहून घेतलं. बाईचं शेवटचं वाक्य ठरलं, "वळले होते, कळलं नव्हतं." आत्याने ते एकदा मनाशी वाचलं आणि मग ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. आमचा इंजिनिअर माझ्याकडे बघत होता. तो आज माझ्याच घरात वर्तमानपत्र वाचत बसलेला असतो, पण ती गोष्ट इथे नको.

प्रयोगाच्या दिवशी पहिला अंक बरा झाला. दुसऱ्यात वीज गेली आणि शामियान्यामागचा जनरेटर सुरू झाला. दिवे आले, पण आवाज असा की माझंच वाक्य मला ऐकू येईना. चिटणीस समोरून दोन्ही हातांनी थांबा थांबा करत होते. उजव्या विंगेतून आतोबांनी मान ठामपणे हलवली. थांबायचं नाही. मग आम्ही उरलेलं नाटक एक शब्दही कोणाला ऐकू न जाता केलं. तिसऱ्या अंकात इंजिनिअर वाक्य विसरला. डाव्या विंगेत आत्या जिवाच्या आकांताने प्रॉम्प्ट करत होती, पण ऐकू येणार कसं? शेवटी ती वही खाली ठेवून उठली, पुढे आली आणि नुसते ओठ हलवून, न बघता, सगळ्यांची वाक्यं म्हणू लागली. तिला अख्खं नाटक पाठ होतं. मी शेवटच्या वाक्यासाठी वळले तेव्हा मला दोन्ही विंगा दिसल्या. आत्याचे ओठ हलत होते, "वळले होते, कळलं नव्हतं." आणि समोरच्या विंगेत आतोबा, ज्यांनी या एका संध्याकाळसाठी जन्म घालवला होता, ते नाटकाकडे बघतच नव्हते. ते पूर्णपणे आत्याकडे वळून उभे होते, आणि आपण कुठे बघतो आहोत याचा त्यांना पत्ता नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना तो अभिनय वाटला.

एकही माणूस उठून गेला नाही. चिटणिसांनी पुढे पसरवलं की लोक प्रसादासाठी थांबले होते. हे साफ खोटं आहे. प्रसाद मध्यंतरातच संपला होता, आणि मोदक कमी पडले म्हणून स्वतः चिटणीसच बर्फी आणायला पळाले होते. टाळ्या ओसरल्यावर तळमजल्यावरची पंजाबी मावशी स्टेजपाशी आली. तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता आणि आला असता तरी ऐकू गेला नसता. ती आतोबांना म्हणाली, "भाई साहब, बहुत अच्छा. हमें तो पहले सीन से ही पता था. बस उन दोनों को ही पता नहीं था." आतोबांनी हात जोडले आणि ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? म्हणे लोकांना कळणार नाही." इतका ताठ उभा राहिलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. विसर्जनाला बाड घरीच राहिलं. आत्याने त्याला नवीन कव्हर घातलं.

त्यानंतर सहा-सात वर्षांनी आत्या थोड्याशा आजाराने गेली. खिडकीतली सरसोंची शेतं तोवर गेली होती आणि तिथे समोरच्या टॉवरच्या गॅलऱ्या आल्या होत्या. आतोबांनी कादंबरी मराठीत करायला घेतली होती, तीच, अर्धवट राहिलेली. मी दर रविवारी जायची. एका रविवारी दिवाळीची साफसफाई करताना मी त्यांचं टेबल आणि खुर्ची ओढून खिडकीशी नेली. स्वयंपाकघरात आता कोणी नव्हतं, डबा बाहेरून यायचा, आणि त्या अंधाऱ्या दारासमोर ते एकटे बसलेले मला बघवत नसे. आतोबा खिडकीशी जाऊन बसले. पेन उघडलं. मग मान मागे वळवून स्वयंपाकघराकडे बघितलं. पुन्हा लिहायला गेले, पुन्हा मान वळली. असं चार-पाच वेळा झालं.

"इथे वारा येत नाही," ते म्हणाले.

"आतोबा, खिडकी उघडी आहे. स्वयंपाकघरातून वारा कुठून येणार? तिथे तर साधा झरोकाही नाही."

ते त्या दाराकडे बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे मोजे, पेनं आणि पिशव्या वाचल्या होत्या. आता ते हळूच म्हणाले, "मिनू, क्वार्टरमध्येही नव्हता ना वारा?"

"नव्हता."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. एरवी कोणाही माणसाबद्दल खडान् खडा सांगणारे आतोबा मला विचारत होते, आणि विचारताना त्यांचा आवाज लहान झाला होता. "तिला कळलं होतं का गं?"

"आत्याला?" मी म्हणाले. "पहिल्या अंकापासून."

ते थोड्या वेळाने उठले आणि त्यांनी टेबलाचं एक टोक धरलं. मी दुसरं धरलं, आणि आम्ही दोघांनी मिळून ते पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवलं.